जित्या वीजराणीची शोकसभा

रोह्याहून कप जिंकून परत येणाऱ्या टेम्पोत अकरा पोरी, दोन पातेली, एक गॅसची शेगडी आणि पुढच्या सीटवर गोजराताई. टेम्पो तिचा नवरा किसनमामा चालवत होते. दोन दिवस सगळ्यांचे फोन बंद पडलेले. राहायला दिलेल्या शाळेत चालू प्लग एकच होता आणि त्याला तिथल्या टीमनी स्पीकर लावून ठेवलेला, काढायचं नाव नाही. त्यामुळे गावात काय चाललंय याचा कोणालाच पत्ता नव्हता.

दुपारी दोनच्या उन्हात घणसोलीच्या नाक्यावर सिग्नल लागला आणि मागून पायल म्हणाली, ताई, आपला बॅनर लागलाय. पोरींनी एकच कल्ला केला. सगळ्यांना वाटलं, कप जिंकल्याची बातमी आपल्या आधी पोचली. बंडूचं काम असं फास्टच असतं. फ्लेक्सचं दुकान त्याचं, गावात कोणाची मुंज असो की कोणाला दहावीला पन्नास टक्के पडोत, तासाभरात नाक्यावर फोटो.

सिग्नल सुटला, टेम्पो पुढं सरकला आणि बॅनर नीट दिसला. मधे गोजराताईचा फोटो, महिला दिनाच्या सत्काराचा, हिरव्या साडीतला. फोटोला कंप्युटरमधला हार. खाली दोन बाजूंना दोन समया. आणि वर मोठ्या अक्षरात, ‘भावपूर्ण श्रद्धांजली. आपल्या घणसोलीची वीजराणी अनंतात विलीन.’

किसनमामांनी करकचून ब्रेक मारला. मागं पातेलं गडगडत गेलं आणि एका पोरीच्या पायावर पडलं. ती पण ओरडली नाही.

गोजराताई खिडकीतून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही साडी मना कवा आवडलीच नाय. दुसरा फोटू नव्हता काय त्याच्याकडं?"

तर आता ही गोजराताई कोण, ते आधी सांगायला पाहिजे. कारण तिला ओळखत नसणारे लोक पण या जगात आहेत, आणि त्यांची चूक नाही, त्यांचं नशीब फुटकं.

गोजरा मढवी. वय छप्पन. घणसोली गावात जन्मली, घणसोली गावातच दिली. बाप मिठागरावर. तेव्हा इथं टॉवर नव्हते, मॉल नव्हता, नुसती खाडी, मीठ आणि भात. बाराव्या वर्षी ती पोरांच्यात कबड्डी खेळायला लागली, कारण पोरींची टीमच नव्हती. तिची एक उलटी लाथ होती. चढाईला जायची, दम घुमवत एकदम पाठ फिरवायची, समोरच्याला वाटायचं घाबरली, निघाली परत. आणि तेवढ्यात तिची टाच मागच्या मागं जाऊन त्याच्या छातीला लागलेली असायची. पोरं रडायची. हाताला लागणं वेगळं आणि पोरीची टाच छातीला लागणं वेगळं. तीन वर्षं ती महाराष्ट्राकडून खेळली.

मग एकोणनव्वद साली दादरच्या एका स्पर्धेत गॉगलवाला एक प्रोड्यूसर आला. त्याला सीरियल काढायची होती, हिरॉईनच्या अंगात शक्ती आहे, ती उडते, गुंडांना लोळवते असली. पण तारेवर लटकवून उडवायला त्याच्याकडं पैसे नव्हते. म्हणून त्याला अशी पोरगी पाहिजे होती जी आपली आपण उडेल. त्यानी ती लाथ बघितली आणि मॅच संपायच्या आत गोजराच्या बापाला शोधून काढला.

सीरियलचं नाव ‘वीजराणी’. वीज खात्यात टायपिस्ट असलेल्या एका पोरीवर वीज पडते आणि तिच्या पायात करंट येतो, अशी स्टोरी. आज ऐकून हसू येतं, पण तेव्हा टीव्हीवर एकच चॅनल आणि बायका त्याच्यात एकतर रडायच्या नाहीतर भाजी निवडायच्या. त्यात ही काळीसावळी पोरगी पिवळ्या मखमलीच्या ड्रेसमधे, डोळ्यांवर मास्क लावून, पत्र्यावरून पत्र्यावर उडी मारत यायची आणि धिप्पाड माणसाला टाचेनी आडवा करायची. ड्रेस शिवणारा टेलर बँडवाल्यांचे ड्रेस शिवायचा, म्हणून वीजराणीच्या खांद्यावर सोनेरी झुपके होते. उड्यांना खाली गाद्या दोनच. तिसरी मागितली तर प्रोड्यूसर म्हणायचा, जास्त वजन आहे का तुझं?

गुरुवारी संध्याकाळी मिठागरं लवकर सुटायची. गावात टीव्ही तीन आणि बघणारी माणसं चारशे.

इथपर्यंतची गोष्ट गावाला माहितीय. पुढची गावाला कधीच कळली नाही. तेरा भाग झाले आणि सीरियलला चेहऱ्याच्या क्रीमवाला एक स्पॉन्सर मिळाला. त्याला मास्कच्या खालचा रंग पसंत नव्हता. चौदाव्या भागापासून क्षिप्रा सबनीस नावाची एक गोरी, लांब मानेची मुलगी वीजराणी झाली. कॅमेरा तोंडावर आला की क्षिप्रा. कॅमेरा लांब गेला, उडी आली, लाथ आली की गोजरा, त्याच ड्रेसमधे. सही केली होती म्हणून आणखी अकरा भाग गोजरानी नुसते पाय दिले. टायटलमधून तिचं नाव गेलं ते गेलंच. गावातले टीव्ही काळेपांढरे, त्यात सारख्या मुंग्या. गावानी मास्क बघितला, पाय ओळखले, विषय संपला. गावाच्या हिशोबात वीजराणी एकच, आणि ती आपली. गोजरानी कोणाला सांगितलं नाही. आईला नाही, किसनमामांना पण लग्नानंतर दहा वर्षांनी.

त्यानंतर तिनी एकच काम केलं. गावाच्या मागं खाडीकडं एक मोकळं मैदान आहे, तिथं रोज पहाटे पोरींना कबड्डी शिकवली. गावातल्या आगऱ्यांच्या पोरी, भाड्याच्या खोल्यांमधे राहणाऱ्यांच्या पोरी, जी येईल ती. पायल त्यातलीच. तिचा बाप जालन्याकडून आला, तळोज्याला केमिकलच्या कंपनीत शिफ्ट करतो. पायल आता टीमची कॅप्टन आहे, आणि वीस दिवसांनी जिल्ह्याची निवड चाचणी होती. तिथून राज्याच्या टीममधे गेली तर खेळाडू म्हणून नोकरी लागायचा चान्स.

पण मैदानावर पार्किंग येणार होतं. बाजूच्या टॉवरवाल्यांच्या गाड्यांना जागा पुरेना, म्हणून वामनभाऊंनी, म्हणजे गावच्या माजी नगरसेवकांनी, शब्द देऊन टाकला होता. पेव्हर ब्लॉकचे ढीग येऊन पडले पण. गोजराताई नऊ वेळा वामनभाऊंकडं गेली. नऊ वेळा चहा मिळाला आणि नऊ वेळा ‘बघू’.

आता परत टेम्पोत या.

किसनमामांनी टेम्पो मागच्या गल्लीनं आणला. घरात शिरल्याबरोबर पायलनी फोन चार्जिंगला लावला आणि बंडूला बोलवून घेतलं, ताईबद्दल बोलायचंय एवढंच सांगून. बंडू पांढरा शर्ट घालून आला. दारात चप्पल काढली, आत बघितलं, गोजराताई खाटेवर बसून पायाला बाम चोळत होती. बंडू तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. त्याला पाणी दिलं, मग गुळाचा खडा दिला, मग कुठं बोलायला लागला.

झालं होतं असं. काल सकाळी गावच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. ‘टीव्हीवरची वीजराणी काळाच्या पडद्याआड’ असं वर. बंडूनी घाईघाईत खाली नजर टाकली तर मधे ‘घणसोली’ दिसलं आणि ‘गोजरा’ दिसलं. पुढं वाचायला त्याचं काळीजच धजेना, असं तो म्हणाला. पायल म्हणाली, काळीज नाही रे, सवय नाही तुला वाचायची. ताईला फोन लावला, बंद. मामांना लावला, बंद. पायलचा पण बंद. रोह्याला गेलेली टीम, सगळ्यांचे फोन बंद, म्हणजे तिकडंच काहीतरी झालं. बंडू रडत रडत दुकानात गेला. पैसे घेतले नाहीत कोणाकडून, हे त्यानी तीनदा सांगितलं.

गोजराताई हसत होती. मग बंडूनी तिला वामनभाऊंची पोस्ट दाखवली आणि ती हसायची थांबली.

उद्या संध्याकाळी सहा वाजता गावदेवीच्या देवळासमोर शोकसभा. आणि खाली लिहिलेलं, की खाडीकडच्या मैदानाला वीजराणीचं नाव द्यायची घोषणा भाऊ स्वतः करणार, पार्किंग रद्द, मैदान कायम मुलींच्या खेळासाठी. निवडणूक तोंडावर आलेली, गावातल्या झाडून सगळ्या बायांनी गोजराताईचा फोटो स्टेटसला ठेवलेला. भाऊंना आकडेमोड कळते.

नऊ फेऱ्यांत जे झालं नाही ते मेल्यावर एका दुपारीत झालं. पायल पोस्ट परत परत वाचत होती.

शेवटी बंडू हात जोडून म्हणाला, "ताई, फक्त उद्या सात वाजेपर्यंत मरा. भाऊ एकदा माईकवर बोलला की मग काय ते बघू."

किसनमामा बंडूवर चिडले. म्हणाले, तुझ्या आईला मार ना सात वाजेपर्यंत. पण पोरी दारात उभ्या होत्या, अकराच्या अकरा, कप हातात. कोणी काही मागितलं नाही. गोजराताईनी त्यांच्याकडं बघितलं, मग माळ्याच्या शिडीकडं बघितलं, आणि बामाची डबी बंद करून वर चढली.

पोरींनी कप मधे ठेवून शपथ घेतली, घरी पण बोलायचं नाही. घरी सांगितलं, ताईबद्दल आमाला काही विचारू नका, आमाला बोलवत नाही. आता ऐका, अकरा पोरींनी एक दिवस तोंड बंद ठेवलं, हे त्या कपापेक्षा मोठं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं यायला लागली. माळा पत्र्याखालचा, उकाडा असा की पापड वाळतील. गोजराताई वर गादीवर आडवी पडून फळीच्या फटीतून आपलं मरण बघत होती. खाली किसनमामा. त्यांनी जन्मात खोटं बोललेलं नाही, आणि जमत पण नाही. कोणी विचारलं कसं झालं, तर म्हणायचे अचानक. कोणी विचारलं बॉडी कधी येणार, तर म्हणाले उद्या सातनंतर, मग म्हणाले आज सातनंतर, आणि मग घाम पुसत मोरीत गेले.

बाया जुन्या पद्धतीनं, एकेक आठवण काढत, सुरात रडत होत्या. बरं बोलल्या, वाकडं पण बोलल्या. एक म्हणाली, पोरींना घडवलंन हो. दुसरी म्हणाली, सासूशी मात्र कधी पटला नाय. तिसरी म्हणाली, सुकटीचं कालवण तिच्यासारखं कोणाला जमायचं नाय, आणि चौथी हळूच म्हणाली, खारट व्हायचा पन. माळ्यावर गोजराताईनी पदराचा बोळा तोंडात धरला. बयाबाई, तिची चुलतमावशी, पंच्याऐंशी वर्षांची, ती मात्र रडली नाही. ती एवढंच म्हणाली की टीवीत गेली आणि गावान परत आयली, अशी दुसरी कोन हाय सांगा. हे ऐकून वर गोजराताईचे डोळे भरले.

दुपारी तीनला पायल जेवणाचं ताट घेऊन माळ्यावर आली. तिनी तो मेसेज शेवटपर्यंत वाचला होता. ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, ताई, हे तुमच्याबद्दल नाहीच. कोणीतरी खरंच गेलंय. आणि वाचून दाखवलं.

क्षिप्रा सबनीस, वय साठ, ठाण्याला वारल्या. एकट्याच असायच्या. भाचा सोडून जवळचं कोणी नव्हतं. नंतर कामं मिळाली नाहीत, शिकवण्या घ्यायच्या. मेसेज लिहिणारा त्यांचाच जुना विद्यार्थी होता. त्यानी शेवटी लिहिलं होतं की बाईंना कोणी वीजराणी म्हटलं की त्या दरवेळी एकच गोष्ट सांगायच्या. चेहरा माझा होता, पण वीजराणी घणसोलीची होती. तिचं नाव गोजरा. ते नाव टीव्हीवर लागलं नाही, म्हणून तुम्ही लक्षात ठेवा.

गोजराताईनी ताट बाजूला सारलं. मग जे पस्तीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते पायलला सांगितलं.

नव्वदच्या मे महिन्यात क्षिप्रा घणसोलीला आली होती. एकटी. तेव्हा इकडं रिक्षा नव्हती, मेन रोडवर बसमधून उतरून ती मिठागराच्या बांधावरून चालत आली, भर बारा वाजता, शहरातल्या चपला घालून. गोजरा दारात बोंबील सुकवायला टाकत होती. क्षिप्रा म्हणाली, मला ती लाथ शिकवा. तुमचे पाय वापरायची मला लाज वाटते. एकतर मला येऊ दे, नाहीतर मी त्यांना सांगते तुम्हालाच घ्या. गोजरानी मान वर केली नाही. तिला ते गोरं तोंड बघायचंच नव्हतं. ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. क्षिप्रा दारातल्या डेरेदार भेंडीच्या झाडाखाली अर्धा तास उभी होती. मग आली तशी बांधावरून परत गेली. आईला कळलं तेव्हा आईनी गोजराला दोन दिवस अन्न वाढलं नाही. आगऱ्याच्या दारात उन्हातून माणूस येतं आणि त्याला पाण्याचा तांब्या मिळत नाही, असं त्या घरात आधी कधी झालं नव्हतं.

ताई आता काय करणार ते पायलला कळलं होतं, आणि ते तिला नको होतं. वीस दिवस राहिले होते चाचणीला.

"ताई, ग्राउंड गेलं तर?"

"तिला मी एकदा दारातून परत धाडली," गोजराताई म्हणाली. "आता तिच्या मरनावर पन मीच बसू काय?"

पायल उठून शिडीवरून खाली गेली. ताईला वाटलं चिडली. चिडली होतीच. पण पाच मिनिटांनी परत वर आली ती ताईची साडी घेऊन. हिरवी नाही, निळी. म्हणाली, ही घाला, आणि घोषणेच्या नंतर उभ्या राहा, एवढं तरी करा. गोजराताई म्हणाली नाही. आधी घ्यायचं आणि मग खरं बोलायचं, ती चोरी. मैदानावर असं खेळलेलं चालवलंय का कधी मी तुला? पायलनी दोन शिव्या हासडल्या, कोणाला ते माहीत नाही, आणि साडीच्या निऱ्या धरायला खाली बसली.

सहा वाजता देवळासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या भरल्या होत्या. चारशे माणूस सहज. स्टेजवर गोजराताईचा फोटो, त्याला झेंडूचा खराखुरा हार, उदबत्त्यांचा धूर. गोजराताई पदर डोक्यावरून पुढं ओढून बायांच्या मागच्या रांगेत बसली होती. शेजारी पायल. बंडू स्टेजच्या बाजूला साउंडवाल्याकडं उभा, त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं ताई माळ्यावर आहे.

वामनभाऊंनी माईक घेतला. म्हणाले, आज आपल्यातून निघून गेलेल्या...

"वामन, मी हितंच हाय."

आवाज मोठा नव्हता. पण कबड्डी खेळलेल्या बाईचा दम तो, मागच्या रांगेतून स्टेजपर्यंत सरळ गेला. तिनी पदर मागं टाकला आणि मधल्या वाटेनं चालत पुढं निघाली. दोन बाया खुर्चीसकट मागं सरकल्या. एक म्हातारा हात जोडून उभाच राहिला. बंडूनी डोळे मिटून घेतले. बयाबाई तेवढी शांत होती, बाजूच्या बाईला म्हणाली, तरीच म्हनला रडू येत नाय मना.

गोजराताई स्टेजवर चढली. पहिलं काम काय केलं, तर फोटोवरचा हार काढला. मग माईक मागितला. भाऊंनी तो दिला, कारण काय करायचं ते त्यांना सुचतच नव्हतं.

ती भाषण करणारी बाई नाही. अडखळत बोलली. सांगितलं की मेली ती क्षिप्रा सबनीस. अर्धी वीजराणी ती होती. तेरा भागांनंतर तोंड तिचं आणि पाय माझे, आणि हे मी तुमाला सांगितलं नाही कारण मला लाज वाटायची. ती दारात आली त्या दिवसाचं पण सांगितलं, बोंबलासकट, पाण्यासकट. तिथं बसलेल्या बायांना दुसरं काही कळलं नसेल तरी पाण्याचं कळलं. ती म्हणाली, मला पण आज दुपारीच कळलं की ती माझं नाव सांगत फिरायची. मी तिचं कधी घेतलं नाही. म्हणून आज घेते. दोन मिनिटं उभे राहा तिच्यासाठी. आणि चारशे माणूस उभं राहिलं, नाव पण न ऐकलेल्या बाईसाठी.

लोक खाली बसले तोवर वामनभाऊ सावरले होते. राजकारणात वीस वर्षं काढलीत त्यांनी. माईक घेऊन हसत हसत म्हणाले, ताई आपल्यात आहेत यापेक्षा मोठा आनंद नाही, ताईंना शंभर वर्षं आयुष्य मिळो. आणि मग आवाज थोडा खाली आणून म्हणाले की मैदानाच्या नावाचं जे ठरलं होतं, ते आता थांबवावं लागेल. आपल्यात जित्या माणसाचं नाव जागेला देत नाहीत. पुढं कधीतरी बघू.

पायलनी डोकं दोन्ही हातांत धरलं. पोरी खुर्च्यांवर चढून उभ्या होत्या, त्या एकेक करून खाली उतरल्या. तो ‘बघू’ सगळ्यांना पाठ होता.

गोजराताई स्टेजवरून उतरत होती. दुसऱ्या पायरीवर थांबली. मागं वळली.

"जितीचा नको तर मेलेलीचा द्या," ती म्हणाली. "तुमी वीजरानीचा नाव लिवलाय ना पोस्टमदी? मंग क्षिप्रा पन वीजरानीच. तिचा लिवा."

वामनभाऊ काही बोलायच्या आत खालून कुरकुर सुरू झाली. कोण कुठली बाई, ठाण्याची. बयाबाई काठी टेकत उभी राहिली. तिला पटलं नव्हतं. म्हणाली, आपल्या गावाच्या जागेला भायेरचीचा नाव कनाला? आपली पोर काय कमी हाय?

"मावशी, ती बांधावरून चालत आयलेली आपल्या गावान. खेल शिकाला. आपन शिकवला नाय." गोजराताई एक पायरी परत वर चढली. "आता तिच्या नावावर दुसऱ्या पोरी तरी शिकू दे."

बयाबाई उभीच राहिली. विचार करत होती की पाय दुखत होते, सांगता येत नाही. मग तिनी काठी वामनभाऊंच्या दिशेनं उचलली. भाऊ तिच्या मांडीवर मोठे झालेत, हे इथं सगळ्यांना माहीत. म्हणाली, "वामन्या, लिव तिचा नाव. आनि गाड्या लाव तुझ्या बंगल्यासमोर, जागा हाय तिथं."

तेव्हा टाळ्या पडल्या, आणि हसणं. पन्नासेक फोन हवेत होते, सगळं रेकॉर्ड होत होतं. वामनभाऊंनी फोन बघितले, बाया बघितल्या. मग त्यांनी मान डोलावली, जसं काय हे आपल्याच डोक्यातून आलंय, आणि माईकवर घोषणा केली. वीजराणी क्षिप्रा सबनीस कबड्डी मैदान. पार्किंग रद्द. दोनदा म्हणाले, कारण पहिल्यांदा पोरींच्या ओरडण्यात कोणाला ऐकूच आलं नाही.

आता लगेच सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. टॉवरवाले अजून भांडतायत, त्यांनी अर्ज दिलाय. पेव्हर ब्लॉकवाला ढीग उचलायला येत नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी पोरींनीच ते ब्लॉक वाहून कडेला लावले. गावातले काही लोक गोजराताईशी नीट बोलत नाहीत, पस्तीस वर्षं फसवलंन म्हणतात. किसनमामांना कोणी ना कोणी रोज विचारतं, बॉडी आली का. ते चिडतात.

बंडूचं वेगळंच टेन्शन. बोर्ड फुकटात करून देणार होता, शब्द दिला होता. पण त्याच्यावर लावायला क्षिप्राचा फोटो कुठं? शोधलं तर सगळीकडं मास्कवाले फोटो, आणि मास्कमधे ती कुठली आणि ताई कुठली, ते बंडूला कळेना. आणि पूर्ण नाव? वडलांचं नाव काय? यावेळी तो म्हणाला, मी वाचल्याशिवाय छापणार नाही.

मेसेज लिहिणाऱ्या त्या विद्यार्थ्याचा नंबर पायलनी मिळवला. त्यानी भाच्याचा पत्ता दिला, ठाण्याचा. फोनवर फोटो मागवता आला असता, बंडू तेच म्हणत होता. गोजराताई म्हणाली नाही, असल्या कामाला आपण जायचं असतं. बुधवारी पहाटे तिनी मैदानावर फक्कीनं रेषा मारल्या, मधली, दोन्ही बाजूंच्या, आणि हात झटकून फक्कीची पिशवी पायलच्या हातात दिली.

"आज तू घे प्रॅक्टिस. मी दुपारपर्यंत आयलीच. चढाईत कोनी दम तोडला तर सोडू नको."

ती चप्पल घालून रस्त्याकडं निघाली. पायल मैदानाच्या मधे उभी राहिली. आजवर तिनी कधी एकटीनं प्रॅक्टिस घेतली नव्हती. तिच्यासकट अकराच्या आता सतरा पोरी झाल्या होत्या, सभेनंतर सहा नवीन आलेल्या, त्यातली एक टॉवरमधली, नवेकोरे बूट घालून. पायलनी तिला सांगितलं, बूट काढ, इथं अनवाणी. पोरीनी माती बघितली, नाक मुरडलं आणि बूट काढले. मग पायलनी शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली.